क्षेपणास्त्रे घ्या, पण माणसे कापून नको




संरक्षण खर्चावर आपल्याकडे सध्या जी चर्चा चालू आहे, तिचा सूर साधारण असा : पगार आणि पेन्शन डोईजड झाले आहे, तेव्हा माणसे कमी करा आणि वाचलेल्या पैशांतून आधुनिक क्षेपणास्त्रे घ्या. माझी नोकरीची बहुतेक वर्षे नौदलाच्या क्षेपणास्त्रवाहू बोटींवर गेली. क्षेपणास्त्रे हवीत याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ती माणसे कापून घ्यायची, हा हिशेब मला मान्य नाही.

पेन्शनचा बोजा खरा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले सुमारे १.६० लाख कोटी पेन्शनचे, तर नवी जहाजे, विमाने, शस्त्रे धरून सगळ्या भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. पण हे पेन्शन कुणाचे आहे? आधीच निवृत्त झालेल्यांचे. चार वर्षांच्या मुदतीवर भरती करणारी अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली. जुन्या पद्धतीने त्या वर्षी भरती झालेला खलाशी पंधरा वर्षांनी, म्हणजे २०३७ च्या सुमारास पेन्शनीत निघाला असता. त्याच्या पेन्शनची बचत तोवर दिसणार नाही. जे पैसे अजून वाचलेलेच नाहीत, त्यांतून आज क्षेपणास्त्रे कशी घेणार?

क्षेपणास्त्राइतकीच माणसेही का लागतात ते पाहा. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या बोटींनी कराचीवर हल्ला चढवला आणि ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. आपण तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा करतो आणि श्रेय रशियन ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्राला देतो. पण त्या बोटींवरची माणसे सोव्हिएत संघात राहून, रशियन भाषा शिकून तयार झाली होती, हे कुणी सांगत नाही. स्टिक्समध्ये भरायचा ऑक्सिडायझर नायट्रिक आम्लाचा असे. रबरी पोशाख, तोंडावर मुखवटा आणि पाण्याचा पाइप हाताशी ठेवून हे काम करावे लागे. ते पुस्तक वाचून येत नाही, जुन्या हातांखाली राहूनच येते.

यावर उत्तर ठरलेले असते : आता ब्राह्मोस क्षेपणास्त्र बंद नळकांड्यातच येते, देखभाल लागतेच कुठे? नळकांडे बंद असेल, पण क्षेपणास्त्राला दिशा देणारी रडार, संगणक आणि केबल खारट हवेतच असतात. पावसाळ्यात कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो. बोट धक्क्याला उभी असताना मीटर सगळे ठीक दाखवतो आणि समुद्रात लाटांचे हेलकावे बसू लागले की सिग्नल तुटतो. असा दोष हुडकून काढणारी नजर तयार व्हायला वर्षे लागतात. अग्निपथ योजनेतून आलेल्या अग्निवीराची चार वर्षे प्रशिक्षण धरून असतात आणि त्यानंतर चारांतल्या जास्तीत जास्त एकालाच कायम ठेवायचे असा नियम आहे. हाताला वळण लागते तेव्हाच मुलगा घरी जातो.

अशा काटकसरीची आणि अपुऱ्या तयारीची किंमत बाहेरच्या नौदलांनी मोजली आहे. ब्रिटनने १९८१ मध्ये युद्धनौकांच्या ताफ्याला कात्री लावण्याचे ठरवले, पुढे ‘इन्व्हिन्सिबल’ ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचेही ठरले. १९८२ मध्ये फॉकलंड युद्ध झाले आणि विक्रीचा बेत गुंडाळावा लागला. त्या युद्धात ४ मे रोजी ब्रिटनच्या ‘शेफील्ड’ या विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले आणि वीस जण गेले. जहाजावर ‘सी डार्ट’ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र होते. शेजारच्या ‘ग्लासगो’ने धोका ओळखून इशाराही दिला होता, तरी शेफील्डकडून एकही प्रतिहल्ला झाला नाही. २००६ मध्ये बैरूतजवळ इस्रायलच्या ‘हनित’वर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हा तिच्यावर क्षेपणास्त्र रोखणारी बराक यंत्रणा होती, पण ती चालूच केलेली नव्हती. चार खलाशी मेले. दोन्ही जहाजांवर शस्त्र होते. कमी पडली ती तयारी, आणि तयारी हे माणसांचेच काम.

आता क्षेपणास्त्रांबद्दल. मार्च २०२४ मध्ये ब्राह्मोसचा १९ हजार कोटींहून मोठा करार झाला, ते योग्यच झाले. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम श्रेणीच्या चारही विनाशिकांचा मला अभिमान आहे. पण या ७,४०० टनांच्या जहाजावर हवाई हल्ला रोखणारी मध्यम पल्ल्याची बराक क्षेपणास्त्रे बत्तीसच मावतात. चीनच्या ०५५ श्रेणीच्या जहाजावर सगळे मिळून ११२ नळकांडी आहेत. भाता रिकामा झाला की तो भर समुद्रात भरता येत नाही, बंदरात परतावे लागते. स्वस्त ड्रोनवर महागडी क्षेपणास्त्रे कशी खर्च होतात, ते लाल समुद्रात जहाजांवर हल्ले झाले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. म्हणून नुसती नवी जहाजे मोजून चालणार नाही, गोदामातला साठाही वाढला पाहिजे.

त्यासाठी पैसा कुठून आणायचा? २०१२-१३ मध्ये संरक्षण खर्चात नौदलाचा वाटा १८ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये १३ टक्क्यांवर आल्याचे तेव्हाच्या नौदलप्रमुखांनी, ॲडमिरल करमबीर सिंह यांनी, जाहीरपणे सांगितले होते. वाद घालायचा तर या वाटणीवर घाला. वर्षअखेरीस परत न जाणारा आधुनिकीकरण निधी उभारावा, ही पंधराव्या वित्त आयोगाची शिफारस आहे. असा निधी असेल तर कारखान्यांना अनेक वर्षांची मागणी एकदम देता येईल. आणि माणसे कापण्याचे म्हणाल, तर खलाश्यांच्या बाबतीत आधीच तूट आहे. २०२२ मध्येच दहा हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या.

क्षेपणास्त्र, रडार आणि इंजिन या तांत्रिक शाखांना चार वर्षांच्या नियमातून वगळा, किंवा तिथे चारांतले तीन तरी कायम ठेवा. अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये चिल्का येथील नौदल प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडली, म्हणजे तिची मुदत संपायला फार दिवस नाहीत. मुंबई आणि कोकणच्या खासदारांनी हा प्रश्न त्याआधी लोकसभेत मांडावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक, जि. रत्नागिरी