एमटीएनएल कोणी बुडवली?

‘एमटीएनएल कर्मचाऱ्यांनी बुडवली.’ मुंबई-दिल्लीच्या या सरकारी दूरसंचार कंपनीबद्दल मुंबईत हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येते की त्याला पुरावा लागतो, हेच लोक विसरले आहेत. बीएसएनएलबद्दल राज्यभर हेच बोलले जाते. त्याला जोडून दुसरे वाक्य येते: सरकारला धंदा जमत नाही, विकून मोकळे व्हा. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. त्यांच्या आडोशाला खरा दोषी सुखरूप बसतो, म्हणून ती खोडून काढणे आवश्यक आहे.

आधी कर्मचाऱ्यांचे पाहू. पगाराचा बोजा मोठा होता, यात वाद नाही. 2019 मध्ये सरकारनेच सांगितले होते की बीएसएनएलच्या उत्पन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आणि एमटीएनएलचा त्याहूनही मोठा भाग पगारावर जातो. म्हणून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. 31 जानेवारी 2020 रोजी दोन्ही कंपन्यांतून मिळून 92 हजारांहून अधिक माणसे एकाच दिवशी घरी गेली. त्यांत एमटीएनएलची 14 हजारांवर होती, म्हणजे तिच्या मनुष्यबळाचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा. दोषी तेच असतील तर त्यांच्या जाण्याने कंपनी सावरायला हवी होती. पण 2023-24 मध्ये एमटीएनएलचा तोटा 3,200 कोटींच्या वर होता आणि त्यातला सर्वांत मोठा भाग व्याजाचा होता. त्यानंतर कंपनीने बँकांचे हप्तेही थकवले. माणसे गेली आणि कर्ज उरले. मग विचारायचे ते हे की, एकेकाळी हजारो कोटींची गंगाजळी बाळगून असलेल्या या कंपनीवर एवढे कर्ज चढले कसे?

त्याचे उत्तर 2010 मध्ये आहे. त्या वर्षी थ्रीजीच्या लहरींचा (स्पेक्ट्रमचा) लिलाव झाला. एमटीएनएल त्यात बोली लावायला बसलीच नव्हती. तिला लहरी आधीच दिलेल्या होत्या आणि 2008 च्या डिसेंबरात तिने दिल्लीत थ्रीजी सेवा सुरूही केली होती. पण लिलावात खासगी कंपन्या जी किंमत लावतील तीच तिनेही भरायची, असे सरकारने ठरवले. मुंबईचा भाव 3,247 कोटींवर गेला, दिल्लीचा 3,317 कोटींवर. वायरलेस ब्रॉडबँडच्या पट्ट्यासाठी आणखी सुमारे 4,534 कोटी. एकूण 11 हजार कोटींहून अधिक, म्हणजे कंपनीच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त.

खासगी कंपनीचे संचालक मंडळ अशा वेळी हिशेब मांडते आणि भाव परवडत नसेल तर उठून जाते. त्या लिलावात कुठल्या शहरातून माघार घ्यायची हे प्रत्येक खासगी कंपनीने स्वतः ठरवले. एमटीएनएलला मात्र उठता आले नाही. ज्या सरकारला ही रक्कम मिळणार होती, तेच तिचे 56 टक्क्यांचे मालक होते. तिचे संचालक नेमणारेही तेच आणि परवाना देणारेही तेच. उरलेले 44 टक्के भाग एलआयसीसारख्या संस्था आणि साध्या गुंतवणूकदारांचे होते. मुंबईच्या शेअर बाजारात कंपनी नोंदलेली होती, न्यूयॉर्कमध्येही होती. त्या भागधारकांच्या वतीने ‘हा भाव आम्हाला परवडत नाही’ असे म्हणण्याचे बळ संचालक मंडळातल्या कोणाकडेही नव्हते. गंगाजळी गेली, वर कर्ज झाले. पुढे ब्रॉडबँडचा पट्टा परत करण्यात आला आणि त्याची रक्कम सरकारने रोख्यांच्या वाटेने भरून दिली. सौदा तोट्याचा होता, याची याहून स्पष्ट कबुली हवी कशाला? पण तो कोणी लादला, याबद्दल एकाही माणसाला जाब द्यावा लागला नाही.

बीएसएनएलची गोष्ट निविदांची आहे. 2004-05 मध्ये दहा हजार कोटींहून अधिक नफा मिळवणारी ही कंपनी 2009-10 मध्ये तोट्यात गेली. मोबाइल ग्राहक ज्या वर्षांत झपाट्याने वाढत होते, नेमक्या त्याच वर्षांत तिला यंत्रसामग्री विकत घेता आली नाही. साडेचार कोटी जोडण्यांची निविदा 2007 मध्ये निम्म्यावर आणली गेली. त्यानंतरची नऊ कोटींहून मोठी निविदा 2010 मध्ये रद्द झाली. फोरजीची निविदा 2020 मध्ये रद्द झाली. दर वेळी कारण वेगळे होते आणि काही कारणे खरीही असतील. पण धंद्याचा निर्णय दर वेळी मंत्रालयाच्या दारात जाऊन अडला. देशी बनावटीचे फोरजी जाळे सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. हे काम अभिमानाचे आहे, तरी तोवर खासगी कंपन्या फाइव्हजी विकत होत्या.

मग विकून टाकणे हा उपाय आहे का? असे म्हणणाऱ्यांनी व्हीएसएनएलचे उदाहरण पाहावे. मुंबईत मुख्यालय असलेल्या आणि 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट आणणाऱ्या या कंपनीचा 25 टक्के हिस्सा फेब्रुवारी 2002 मध्ये टाटा समूहाला 1,439 कोटींना विकला गेला. काही महिन्यांतच व्हीएसएनएलचे 1,200 कोटी समूहाच्याच दुसऱ्या दूरसंचार कंपनीत गुंतवण्याचा ठराव आला. तेव्हाचे दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन यांनी त्याला उघड विरोध केला. सरकारचा 26 टक्के हिस्सा आणि मंडळात सरकारचे प्रतिनिधी असूनही ही वेळ आली. पुण्याजवळच्या दिघीसह इतर शहरांतल्या अतिरिक्त जमिनी वेगळ्या करायचे तेव्हाच ठरले होते, ते पुरे व्हायला 2020 उजाडले. ज्या मालकाला स्वतःचा हिस्सा सांभाळता येत नाही, त्याला तो नीट विकताही येत नाही. शिवाय व्होडाफोन आयडियात थकबाकीच्या बदल्यात 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 49 टक्क्यांच्या घरात गेला आहे. म्हणजे एका दारातून विकायचे आणि दुसऱ्या दारातून पुन्हा मालक व्हायचे. मालक म्हणून वागायचे कसे, हा प्रश्न सुटत नाही.

‘देखरेख काय कमी आहे? कॅग आहे, दक्षता आयोग आहे, संसदेच्या समित्या आहेत, माहितीचा अधिकार आहे,’ असा एक आक्षेप जाणकार मंडळी घेतात. पण ही सगळी यंत्रणा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला मागाहून विचारते. न घेतलेल्या निर्णयाबद्दल, वरून आलेल्या फोनबद्दल, तीन वर्षे रखडलेल्या खरेदीबद्दल कोणी विचारत नाही. त्यामुळे शहाणा अधिकारी सहीच करत नाही.

आणि सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळांची अवस्था काय आहे? शेअर बाजाराच्या नियमाप्रमाणे पुरेसे स्वतंत्र संचालक नसले की दंड होतो. ओएनजीसी, इंडियन ऑईलसारख्या कंपन्यांनाही तो झाला आहे. त्यांचे ठरलेले उत्तर असते की नेमणूक सरकारच्या हाती आहे, आमच्या नाही. उत्तर खरे आहे, म्हणूनच ते भयंकर आहे. दंड कंपनीला होतो, पद रिकामे ठेवणारा मंत्रालयात असतो.

माझे म्हणणे असे की दोष सरकारी मालकीत नाही. धोरण ठरवणारे, परवाना देणारे, लहरींचे पैसे घेणारे आणि कंपनी चालवणारे खाते एकच आहे, दोष तिथे आहे. नॉर्वेत टेलिनॉर या दूरसंचार कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी सरकारकडे आहे. तिथे ती मालकी दूरसंचार खात्याकडून काढून उद्योग खात्याकडे दिली गेली. 2015 मध्ये अध्यक्षांवरचा विश्वास उडाला तेव्हा मंत्र्यांनी ते उघडपणे सांगितले आणि अध्यक्ष गेले. रोजच्या खरेदीत मात्र कोणी हात घालत नाही.

आपल्याकडे त्यासाठी नवा शोध लावायला नको. सरकारी कंपन्यांच्या नियमावलीत राष्ट्रपतींच्या नावाने लेखी निर्देश देण्याची सोय असते आणि असे निर्देश वार्षिक अहवालात नोंदवावे लागतात. मंत्रालयाने कंपनीला जे काही करायला लावायचे ते फक्त याच मार्गाने, खर्चाच्या आकड्यासह आणि संसदेपुढे ठेवून करावे. गडचिरोलीच्या जंगलात टॉवर हवा असेल तर जरूर हवा, बीएसएनएलशिवाय तिथे कोण जाणार? पण त्याचा खर्च सरकारने उघड द्यावा. ग्रामीण फोनच्या तोट्यापोटी 2008 पर्यंत खासगी कंपन्यांकडून घेतलेले शुल्क बीएसएनएलला दिले जातही होते. मालकी दूरसंचार विभागाकडून काढावी. अध्यक्षाला पाच वर्षांची निश्चित मुदत द्यावी. एकाच माणसाने एका कंपनीचे अध्यक्षपद आणि दुसरीचा अतिरिक्त कार्यभार सांभाळायचा, ही प्रथा बंद करावी.

2019 पासून तीन पॅकेजांत मिळून सव्वातीन लाख कोटींच्या आसपास रक्कम सरकारने या कंपन्यांसाठी जाहीर केली. हा पैसा करदात्यांचा आहे. पुढच्या अधिवेशनात आपल्या खासदाराला एवढेच विचारायला सांगा: 2010 मध्ये एमटीएनएलला तो भाव भरायला लावणाऱ्या फाइलवर संचालक मंडळाचे मत कुठे नोंदले आहे?