पळस्प्याची लूट आणि ‘रक्तातला इतिहास’

१/ मागील धाग्याखाली एका वाचकाने लिहिले : ‘इंग्रजांचे कागद सगळे खोटे. खरा इतिहास आपल्या रक्तात आहे.’ या वाक्याला माझ्या आजवरच्या कोणत्याही लेखनापेक्षा अधिक पसंती मिळाली. (मत्सर वाटला, नाकारत नाही.) उत्तर पनवेलच्याच मातीतले देतो.

२/ पळस्पे फाटा. गोव्याकडे जाणारा महामार्ग येथून फुटतो, एवढीच त्याची आपल्याला ओळख. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक हा रामोशी नायक साथीदारांसह कोकणात उतरला आणि त्याने पळस्पे व चिखली येथे धाड घातली. मोठा ऐवज घेऊन घाटमाथ्याकडे परतत असता मेजर डॅनियलच्या तुकडीने त्याला गाठले. चकमकीत तो मारला गेला. हा दौलतराव वासुदेव बळवंत फडके यांचा उजवा हात. आणि वासुदेव बळवंतांचे जन्मगाव शिरढोण पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावर.

३/ हे आपल्याला सांगितले कोणी? रक्ताने नव्हे. फडक्यांनी आत्मचरित्र लिहिले होते, रोजनिशी ठेवली होती. दोन्ही पोलिसांच्या हाती लागल्या, त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली, खटल्यात त्यांचाच पुरावा झाला. पुढे मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात ही सामग्री आली. ज्या राज्याने त्यांना एडनला धाडले आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मरू दिले, त्याच राज्याच्या दप्तरात त्यांचा शब्द टिकला. ते दप्तर खोटे म्हणून जाळा. त्याबरोबर वासुदेव बळवंतही बव्हंशी जळतील.

४/ मग इंग्रज म्हणतील ते मानायचे? मुळीच नाही! सरकारी लेखी हे सारे ‘दरोडे’ आहेत. तसे म्हणणे सोयीचेच होते. दरोडा म्हटले की प्रश्न पोलिसांचा उरतो; बंड म्हटले की १८७६–७८ च्या दुष्काळाचा आणि राज्यकारभाराचा हिशेब द्यावा लागतो. कागद कोणी लिहिला, कोणासाठी, काय लपवण्यासाठी, हे विचारत त्याची उलटतपासणी घेणे यालाच मी इतिहास म्हणतो. साक्षीदार विरोधी पक्षाचा आहे म्हणून त्याला न्यायालयाबाहेर हाकलणे हा इतिहास नव्हे.

५/ आता अडचणीचा भाग, जो जयंतीच्या चित्रांवर कधीच छापला जात नाही. आपल्या माणसांचे लक्ष स्वराज्यापेक्षा लुटीच्या वाट्याकडे अधिक आहे, अशी खंत स्वतः फडक्यांनीच नोंदवली आहे. अभिमानी मंडळी हे वाक्य गाळतात. उपहास करणारे तेवढेच उचलतात. मला दोघांचाही राग येतो, कारण विचारायचा प्रश्न दोघेही टाळतात : ही तक्रार कोणाची, कोणाविषयी? लेखापाल कचेरीत कारकुनी केलेला, न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने ऐकलेला पुण्यातला शिक्षित माणूस येथे बोलतो आहे. ज्यांच्याविषयी बोलतो त्यांची रोजनिशी नाही. दोन वर्षांच्या दुष्काळानंतर घरी धान्य नेऊ पाहणाऱ्या माणसाला लोभी म्हणावे काय? दौलतराव नाईकाला काय हवे होते? डॅनियलने त्याला मारले, फडक्यांनी त्याच्याविषयी लिहिले. त्याचे स्वतःचे म्हणणे कोणत्याही दप्तरात नाही, आणि फाट्यावर त्याच्या नावाची साधी पाटीही मी पाहिलेली नाही.

६/ ‘नवे काही सांगणे म्हणजे बदनामी’ म्हणणाऱ्यांसाठी एकच स्मरण. शिवजन्माचे वर्ष दीर्घकाळ १६२७ मानले जात होते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली आणि १६३० पुढे आले. टिळकांच्या शिवभक्तीविषयी शंका घेणारा कोणी असेल तर त्याने खाली लिहावे.

७/ आणि ज्यांची घरे लुटली गेली ते? त्या रात्री पळस्प्यात दार फुटताना आत बसलेल्या माणसाला ते स्वराज्य वाटले नसणार. त्याचीही साक्ष मला हवी आहे. पनवेल, उरण, कर्जत भागात कोणाच्या माळ्यावर त्या काळच्या जुन्या वह्या, खातेबुके, मोडीतले सुटे कागद असतील तर रद्दीत घालू नका. छायाचित्रे पाठवा. माझे मोडीवाचन अजून अडखळते, वेळ लागेल. वाळवी लागलेले कागदही चालतील.