माहितीचें कोठार कोठें असावें ?

आजकाल मुलें सहज बोलून जातात, "फोटो क्लाऊडवर आहे", "धडा नेटवर आहे". ऐकणाऱ्या वडील माणसांची अशी समजूत होते कीं, ही माहिती आकाशांत कोठें तरी तरंगत असावी. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबई, हैदराबाद, सिंगापूर अशा एखाद्या ठिकाणच्या प्रचंड इमारतींत, यंत्रांच्या फडताळांतून ती सांठविलेली असते. आपण बोट लावतांच कांचेच्या तंतूंतून धांवत ती आपल्याकडे येते. तेव्हां प्रश्न असा उभा राहतो कीं, जी माहिती आपल्याच गांवांत उत्पन्न होते व आपल्याच गांवांत रोज लागते, तिचें कोठार इतकें दूर कां असावें ? सर्व सांठा जाळ्याच्या मध्यभागीं न करतां त्याच्या कांठावर, म्हणजे वापरणाराच्या जवळ करावा, हा जो विचार अलीकडे बळावला आहे, तो इचलकरंजीकरांनीं तरी अवश्य मनांत घ्यावा असें आम्हांस वाटतें.

खरें पाहतां ही कल्पना आपल्या मागास नवी नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग आणला. पुढें गांवभर पसरलेल्या साध्या मागांवर, आडवा धागा तुटला कीं माग आपोआप बंद करणारा एक कांटा असे. धागा तुटल्याचें समजणें व माग थांबविणें ह्या दोन्ही गोष्टी मागावरच होत. पेढीवर निरोप धाडून हुकुमाची वाट पाहत कोणी बसत नसे. आतांचीं एअरजेट यंत्रें तर मिनिटास ६०० व त्याहूनहि अधिक धागे टाकतात, म्हणजे सेकंदास दहा. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो, हें खरें. पण सिंगापुरास जाऊन परत यावयाचें म्हटलें, तर सात हजार किलोमीटरांहून अधिक मजल पडते, आणि नुसत्या प्रवासांतच सेकंदाचा तिसावा भाग खर्च होतो. वाटेवरच्या यंत्रांचा खोळंबा निराळाच. शिवाय तार मध्येंच तुटली तर उत्तर येतच नाहीं. म्हणून मागाची क्षणोक्षणींची नोंद मागाजवळच राहावी. किती मीटर कापड झालें, माग किती वेळां थांबला, एवढी गोळाबेरीज बाहेर गेली म्हणजे पुरे.

आपल्या देशानेंहि हा धडा एकदां घेतला आहे. एका भारतीयानें दुसऱ्यास पाठविलेलें ई-पत्र पूर्वीं पुष्कळदां अमेरिकेची वारी करून येई ! ही पायपीट टाळण्यासाठीं २००३ सालीं 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली आणि देशांतला व्यवहार देशांतच फिरूं लागला.

याहून जवळचें उदाहरण वारणेचें आहे. १९९८ सालीं कोल्हापूर व सांगली ह्या जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यांतल्या ७० गांवांसाठीं 'वायर्ड व्हिलेज' ही योजना निघाली. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिल यांची माहिती गांवांतल्याच संगणकावर मिळावी व शेतकऱ्याचा कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वांचावा, हा तिचा हेतु. पुढें २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं पाहणी केली, तेव्हां ह्या संगणकांचा उपयोग बहुतांशीं उसाच्या हिशेबापुरताच होत असल्याचें त्यांस दिसून आलें. मग सात गांवांत त्यांनीं संगणकाच्या जागीं साध्या मोबाइलवरील एसएमएस योजून पाहिला, आणि काम भागलें. यावरून कोणी म्हणेल कीं, कोठार जवळ असण्याची गरजच नव्हती. आम्हांस तसें वाटत नाहीं. हिशेबाची वही खोऱ्यांतल्या कारखान्यांतच होती; बदललें तें विचारण्याचें साधन. प्रत्येक दारीं यंत्र मांडणें म्हणजे जवळीक नव्हे. ज्याचा हिशेब त्याला तो सहज पाहतां आला पाहिजे.

आमच्या मतें जवळच्या कोठाराचा सर्वांत मोठा लाभ हाच होय. वेग हा त्यानंतरचा. येथील विणकराची मजुरी पिकांच्या प्रमाणांत, मीटरमागें ठरते. नवा माग आपलें काम स्वतःच मोजतो. तो आंकडा परगांवच्या कंपनीकडेच राहिला, तर आठवड्याच्या शेवटीं हातीं पडेल ती चिठ्ठी कामगारानें मुकाट्यानें मान्य करावी, एवढेंच उरतें. तोच आंकडा शेडमधल्या पेटींत असला, तर पाळी सुटतांच मालक व कामगार दोघांसहि तो समोरासमोर पाहतां येतो. आणि मालकाचें तरी काय ? कंपनीची वर्गणी थकली म्हणून स्वतःच्याच कारखान्याचा हिशेब त्यास बंद व्हावा, हें कोणास रुचेल ?

परंतु येथें पंचगंगेचा विसर पडूं देतां कामा नये. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस निराळें सांगणें नको. जाळ्याचा कांठ चांगला; नदीचा कांठ मात्र ह्या कामास बरा नव्हे ! शहाणा शेतकरी सगळें बियाणें एकाच कणगींत भरीत नाहीं. तसेंच रोजचें काम जवळच्या पेटीवर चालावें, आणि दररोज रात्रीं तिची एक कुलूपबंद प्रत दूरच्या कोठारीं जावी. पेटीची देखभाल कोणी करावयाची, हेंहि आधींच ठरलेलें असावें. मोठ्या कंपन्यांपाशीं त्याकरितां पगारी माणसें असतात, आपल्याकडे 'कोणी तरी पाहील' ह्यावर पुष्कळ गोष्टी बुडतात.

शाळांनीं ह्याचा आरंभ करण्यास हरकत नाहीं. शंभर मेगाबाइटांचा एक बोलपट ५० मुलांनीं वेगवेगळा मागविला, तर पांच हजार मेगाबाइट माल त्याच अरुंद वाटेनें आणावा लागतो. तोच एकदां आणून शाळेंतल्या लहानशा संगणकावर ठेविला, तर शंभरांत भागतें. 'किविक्स' नांवाच्या विनामूल्य सोयीनें मराठी विकिपीडियाहि अशा यंत्रावर उतरवून घेतां येतो. मग नेट बंद असलें तरी मुलांचें वाचन अडत नाहीं. एवढें यंत्र घेऊन देण्याइतके माजी विद्यार्थी आपल्या गांवांत खास आहेत. तें आलें म्हणजे वरच्या मजल्यावर ठेवावें.