बाहेरच्या शाईची कैफियत

प्रिंटर दुरुस्तीला नेला की वडोदऱ्यात काउंटरपलीकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बहारनी इन्क नाखी हती?" म्हणजे कंपनीची सोडून बाहेरची शाई घातली होती का? यंत्र अजून पिशवीतून बाहेरही आलेले नसते. मागच्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे बाहेरगावी होतो. परतलो तर प्रिंटर ओळी गाळू लागलेला. आत कंपनीचीच शाई होती, सीलबंद खोक्यातून मीच बसवलेली. तरी प्रश्न तोच, आणि 'नाही' म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावरचा अविश्वासही तोच. आरोपी आधी ठरवून पंचनामा नंतर करण्याची ही रीत मला मान्य नाही. म्हणून बाहेरच्या शाईची बाजू मांडायला बसलो आहे.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी. शाई म्हणजे रंगीत पाणी नव्हे, असे कंपन्या सांगतात आणि ते खरे आहे. एचपी आणि कॅनन यांच्या घरगुती यंत्रांत केसाहून बारीक छिद्रामागे एक सूक्ष्म रोधक असतो. तो क्षणार्धात तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा उठतो आणि त्याच्या रेट्याने थेंब कागदावर पडतो. एपसन आणि ब्रदर यांच्या यंत्रांत विजेने आकार बदलणारा स्फटिक थेंब ढकलतो. थेंबाचे आकारमान मोजायचे ते पिकोलिटरमध्ये. शाई जराशी घट्ट झाली, तिच्यात कण राहिले किंवा ती छिद्रातच सुकली, तर छपाई बिघडते. त्यामुळे हलकी शाई यंत्राचा घात करू शकते, हे मी नाकारत नाही.

पण यातून सिद्ध काय होते? वाईट शाई वाईट असते, एवढेच. 'बाहेरची ती वाईट' हे त्यातून निघत नाही. भेसळीच्या तेलाने पोट बिघडते म्हणून घाण्यावरचे सगळेच तेल विष ठरवण्यासारखा हा तर्क आहे.

शिवाय नुकसान होते म्हणताना ते कशाचे होते, हे कुणी सांगत नाही. एचपीच्या बहुतेक स्वस्त घरगुती प्रिंटरांत आणि कॅननच्या अनेक मॉडेलांत छपाईचे हेड कार्ट्रिजवरच असते. तळाशी दिसणारी तांब्याच्या रंगाची पट्टी आणि तिच्याजवळची छिद्रांची रांग म्हणजे ते हेड. कार्ट्रिज बदलले की हेडही नवे येते. अशा कार्ट्रिजमध्ये सिरिंजने भरलेली शाई बिघडली, तर सहसा ते कार्ट्रिज जाते. प्रिंटर शाबूत राहतो. एपसनचे तसे नाही. तिथे हेड यंत्रात कायमचे बसवलेले असते आणि ते बदलायचा खर्च कित्येकदा यंत्राच्या किमतीच्या आसपास जातो. म्हणजे एकाच्या बाबतीत भीती अवाजवी आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत काळजी रास्त आहे. ग्राहकाला हा फरक दोन वाक्यांत समजावता येतो. तो न समजावता दोघांनाही एकच धाक घातला जातो, याचा मला राग आहे.

माझ्या प्रिंटरचे हेड कशाने जाम झाले होते? न वापरल्याने. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. बंद घरात तीन आठवडे पडून राहिलेल्या यंत्राच्या छिद्रात ओरिजिनल शाईही सुकते. घरगुती इंकजेटचा पहिला शत्रू हा रिकामेपणा आहे. आठवड्यातून एक रंगीत पान काढणाऱ्याचा प्रिंटर रिफिलवरही वर्षानुवर्षे चालतो, आणि वर्षातून दोनदा मुलांच्या प्रोजेक्टपुरता उघडणाऱ्याचा कंपनीच्या शाईवरही बंद पडतो.

दुसरा आक्षेप : ही शाई कोण बनवतो, कुणास ठाऊक. हे वडोदऱ्यात ऐकायला मिळावे याचे मला जास्त वाईट वाटते. 1890 साली सयाजीराव महाराजांच्या काळात इथे कलाभवन उभे राहिले. रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तिथे रंगाईचे आणि रंगरसायनांचे शास्त्र शिकवले गेले. आजची इथल्या विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी त्याच रोपाचा वृक्ष आहे. वटवा, अंकलेश्वर, वापी ही रंगद्रव्यांच्या कारखान्यांची गावे याच राज्यात आहेत. अशा मुलखात रंग बनवण्याची विद्या परक्याचे गुपित मानायची?

आणि मराठी घरांना तर ही गोष्ट नवी नाही. 1931 साली मुंबईत दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुडी-वड्यांपासून सुरुवात केली, पुढे 'कॅमल' शाई आली आणि तीच कंपनी कॅम्लिन झाली. योगायोग असा की पार्करने आपली 'क्विंक' शाई बाजारात आणली तीही 1931 सालीच, आणि ही शाई पेनाची निगा राखते अशीच तिची जाहिरात होती. तरी आपल्या वाडवडिलांनी परदेशी पेनात कॅमल भरली, त्याच पेनाने परीक्षा दिल्या, खतावण्या लिहिल्या. पेन शाईचे नाव विचारून लिहायला नकार देत नव्हते. आजचे कार्ट्रिज देते, कारण त्यावर चिप बसवलेली आहे. फरक शाईत पडलेला नाही. पेनाला पहारेकरी नव्हता, एवढाच फरक आहे.

त्या चिपचे काम शाईची पातळी मोजणे, असे सांगतात. मग जानेवारी 2022 मध्ये काय घडले? जगभर चिपांचा तुटवडा होता. कॅननच्या जर्मन शाखेला कार्यालयीन कॉपियरची टोनर कार्ट्रिजे चिपशिवाय पाठवावी लागली, आणि पडद्यावर इशारा आला तर तो बाजूला सारून काम कसे चालू ठेवायचे, हे कंपनीनेच ग्राहकांना कळवले. ते टोनर होते, शाई नव्हती. पण मुद्दा बदलत नाही. चिपशिवाय छपाई होते आणि इशारा दुर्लक्षिता येतो, याची कबुली बनवणाऱ्यानेच दिली.

त्याआधी 13 सप्टेंबर 2016 रोजी एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी आदल्या दिवसापर्यंत चालणारी पर्यायी कार्ट्रिजे एकाएकी नाकारली. आधीच उतरवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख दडलेली होती. ओरड झाल्यावर कंपनीने आपण नीट कळवायला हवे होते असे मान्य करून वेगळे सॉफ्टवेअर देऊ केले. पण रीत सोडली नाही. डिसेंबर 2020 मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अशाच निर्बंधांची माहिती ग्राहकांना नीट न दिल्याबद्दल कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला.

मग येतो नीतीचा मुद्दा. प्रिंटर तोट्यात विकतो आणि नफा शाईवर मिळवतो, असे एचपीचे तत्कालीन प्रमुख एन्रिके लोरेस यांनी जानेवारी 2024 मध्ये उघडपणे सांगितले. तेव्हा बाहेरची शाई घालणारा कंपनीला बुडवतो, असा सूर लागतो. मला हे अजिबात पटत नाही. प्रिंटर किती रुपयांना विकायचा हे कंपनीने ठरवले. मी मागितलेली रक्कम मोजली आणि पावती घेतली. त्या पावतीवर 'विक्री' लिहिलेले आहे, 'भाड्याने' नव्हे. स्वस्त चूल विकून जन्मभर सरपण आमच्याकडूनच घ्या म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर दिले असते? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 मे 2017 रोजी लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात हेच सांगितले : वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, आणि रिकामे कार्ट्रिज पुन्हा भरून विकणाऱ्याला पेटंटच्या नावाखाली अडवता येत नाही.

आपल्याकडेही पाया घातलेला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांपासून रोखून धरल्याबद्दल. दंडाच्या रकमेवर पुढे अपिले झाली. पण विकलेल्या यंत्राच्या दुरुस्तीवर एकट्या कंपनीची मालकी नसते, हे तत्त्व तिथे मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शाई भरणे ही प्रिंटरची सर्वांत साधी आणि सर्वांत वारंवार करावी लागणारी दुरुस्ती आहे.

वॉरंटीचा बागुलबुवाही असाच. एचपीच्या स्वतःच्या वॉरंटीपत्रात लिहिलेले असते की पर्यायी किंवा रिफिल कार्ट्रिज वापरल्याने वॉरंटी जात नाही. बिघाड त्या शाईमुळेच झाला असेल, तर तेवढ्या दुरुस्तीचे पैसे पडतात. काउंटरवर मात्र पहिल्या अर्ध्याचा उच्चार होत नाही.

कंपन्यांच्या युक्तिवादाला सगळ्यात जबर उत्तर मात्र त्यांनीच दिले आहे. इंडोनेशियात लोक प्रिंटरला बाहेरून नळ्या आणि बाटल्या जोडून छपाई करत होते. ते पाहून एपसनने 2010 मध्ये तिथे स्वतःचा टाकीचा प्रिंटर आणला. मागोमाग कॅनन आणि एचपीही बाटलीतल्या शाईवर आले. आज एपसनच्या एका बाटलीत साधारण 70 मिलिलीटर शाई मिळते. लहान कार्ट्रिजमध्ये बहुधा दहा मिलिलीटरही नसते, आणि किंमत मात्र बाटलीइतकी किंवा तिच्याहून जास्त. सीलबंद, चिपवाल्या डबीशिवाय शाई धड चालत नाही, हे म्हणणे तिथेच संपले.

आता जिथे मी माघार घेतो ते सांगतो. लग्नाचे, आजीचे, जपून ठेवायचे फोटो कंपनीच्या शाईने आणि कंपनीच्याच कागदावर काढा. स्वस्त रिफिलचे रंग लवकर उडतात, हे चाचण्यांत दिसले आहे. पण कागदपत्रांच्या टिकाऊपणाचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदी घराघरांत शिरली. अशा पाण्यात सापडलेला कागद वाचतो की नाही, हे शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंटची (सूक्ष्म रंगकणांची) यावर ठरते. डायची शाई ओरिजिनल असली तरी फुटते, पिगमेंटची बरीचशी तग धरते. खोक्यावरचे नाव तिथे मदतीला येत नाही.

आणि बनावट माल वेगळा. दुसऱ्याच्या नावाचे खोके छापून आत भलतेच भरणारा चोर आहे, त्याची वकिली मी करणार नाही. स्वतःच्या नावाने, कोणत्या मॉडेलसाठी आणि कोणत्या प्रकारची ते छापून पर्यायी शाई विकणारा हा सरळ व्यापारी आहे. त्याची शाई घ्या, डायमध्ये पिगमेंट मिसळू नका, हेड यंत्रात असेल तर बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

आणि एखाद्या सकाळी अपडेटनंतर प्रिंटरने तुमचे कार्ट्रिज नाकारले, तर ते फेकू नका. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढा, प्रिंटरची पावती शोधा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.