घरपट्टीची पावती म्हणजे घराची मालकी नव्हे



डोणगावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला त्याच्या शेताचा गट नंबर विचारा. झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगेल. आराजी किती, पोटखराब किती, बांधाला कोण लागून आहे, सोसायटीचा बोजा कधीचा, सगळे त्याला पाठ असते. पण ज्या घरात तो रात्री पाठ टेकतो, त्या घराचा ग्रामपंचायतीतला मालमत्ता क्रमांक विचारून पाहा. "थे ग्रामसेवकाच्या वहीत असन ना भाऊ, आपल्याले काय करायचं त्याचं?" असे उत्तर मिळते.

काय करायचे ते एक दिवस कळते. म्हातारा बाप जातो, दोन भावांत वाटणी निघते, मुलगा कर्जासाठी बँकेत जातो किंवा मुलीच्या लग्नासाठी घराची अर्धी बाजू विकायची वेळ येते. मग पेटीतून घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा निघतो. "पाहा साहेब, आजापासून कर भरतो आहे." साहेब पावत्या पाहतात आणि म्हणतात, "हे ठीक आहे, पण मालकीचा कागद कुठे आहे?" इथेच गाडी अडते.

वह्या किती आणि कोणाकडे?

पहिली वही तलाठ्याकडची. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचा सहा नंबर हे त्यांच्याकडचे गाव नमुने. ते शेतजमिनीचे. सातबारा एकेका गटाचा असतो, तर आठ-अ तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा एकत्र खाते उतारा असतो. डिजिटल सहीचा सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत निघतो, त्यासाठी मेहकरची वारी करण्याची गरज राहिलेली नाही.

दुसरी वही ग्रामपंचायतीची. गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो. गावठाणाची हद्द जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे जिल्हाधिकारी ठरवतात आणि आतल्या घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत असते. त्या आकारणीवरून दरवर्षी किती मागणी निघाली आणि किती थकली ते नमुना ९ मध्ये, आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० ची.

इथे एक घोळ नेहमी होतो. बँकेने 'आठ-अ' मागितला की माणूस ग्रामपंचायतीचा 'आठ' घेऊन जातो, आणि घराचा 'आठ' मागितला की तलाठ्याच्या दारात उभा राहतो. नंबर सारखा, पण वह्या वेगळ्या आणि खातीही वेगळी.

तिसरी वही भूमी अभिलेख कार्यालयाची. ज्या गावठाणाचे भूमापन होऊन चौकशी पूर्ण झाली, तिथे प्रत्येक घराची मिळकत पत्रिका असते. तिलाच लोक प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. आपल्यासाठी हे कार्यालय मेहकरला. आणि चौथी नोंद दुय्यम निबंधकाकडची. खरेदीखत, बक्षीसपत्र, नोंदणीकृत वाटणीपत्र यांची सूची क्रमांक दोन तिथून मिळते.

पावती काय सांगते?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीला इमारती आणि जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. हा कर मालकाकडून घेता येतो, तसा भोगवटादाराकडून, म्हणजे प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडूनही घेता येतो. म्हणूनच अतिक्रमणातल्या झोपडीलाही घरपट्टी लागते. पण घरपट्टी लागली म्हणून अतिक्रमण नियमित होत नाही. पावती एवढेच सांगते की अमुक घरावरचा अमुक वर्षाचा कर अमुक माणसाने भरला. जागा कोणाची, हे ती सांगत नाही.

शेताच्या फेरफाराचेही तसेच. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढे तिचे वजन मोठे आहे. पण फेरफाराने नवी मालकी निर्माण होत नाही, तो महसुलाच्या कामापुरता असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती वारसाने, नोंदणीकृत खताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने.

गावात घराचे व्यवहार अजूनही स्टँपपेपरवर चार पंचांच्या सह्या घेऊन होतात. "पाच माणसांसमोर पैसे मोजले, आता काय राह्यलं?" राहिले ते असे की, शंभर रुपयांवरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे नोंदवावीच लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नाही. पंच म्हातारे होतात, विकणाऱ्याची मुले मोठी होतात आणि दुसऱ्या पिढीत भांडण उभे राहते.

मग नमुना ८ कशाला पाहायचा?

मालकीचा पुरावा नाही म्हणून नमुना ८ कडे पाठ फिरवाल, तर फसाल. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. त्याच्या आधीच आपल्या राज्याने पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजून पाहिले होते. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांवर मिळकत पत्रिका वाटण्याचा कार्यक्रम झाला.

काम कसे चालते ते नीट समजून घ्या. आधी ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेख खात्याचे लोक घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. मग ड्रोन फिरतो आणि नकाशा तयार होतो. नकाशातल्या प्रत्येक तुकड्याला धारकाचे नाव लावताना पहिली यादी घेतात ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ची. त्यानंतर चौकशी अधिकारी हरकती ऐकतात, निर्णय देतात आणि मिळकत पत्रिका व सनद तयार होते.

म्हणजे ज्या वहीला आपण 'नुसती कराची' म्हणतो, तिच्यातले नाव चौकशीच्या टेबलावर सगळ्यात आधी जाऊन बसते. वहीत वीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजाचे नाव असेल, तर तेच पुढे सरकते. थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असेल आणि धाकटा पुण्याला कामाला असेल, तर धाकट्याने हरकत घेतल्याशिवाय त्याचे नाव आपोआप येत नाही. दोन घरांमधली सांदी, कोठ्यामागची मोकळी जागा, सामाईक विहिरीची वाट यांची रेषा चुकीची पडली, तर ती पुसायला पुढे अपिलाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या गावठाणाचे काम कुठवर आले, हे मेहकरच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. काम बाकी असेल तर नमुना ८ आताच दुरुस्त करा. झाले असेल तर मिळकत पत्रिकेची नकल काढून नाव आणि क्षेत्र तपासा.

बहिणींचेही नाव विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. "तिचं लगन झालं, तिले काय लिवायचं?" असे म्हणून वारसांच्या अर्जातून तिचे नाव गाळले तर अर्जच खोटा ठरतो. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर ती नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देईल. पण तो तिचा निर्णय, भावाचा नव्हे.

कर बसतो कसा?

"औंदा घरपट्टी वाढली," एवढेच आपण म्हणतो. कशी वाढली, हे विचारत नाही. ३१ डिसेंबर २०१५ पासून ग्रामपंचायतींचा घरकर भांडवली मूल्यावर बसतो. जागेचे मूल्य रेडी रेकनरच्या दराने धरायचे. त्यात बांधकामाचे मूल्य मिळवायचे, मात्र घर जितके जुने तितका घसारा वजा करून. घरात राहता, दुकान चालवता की कारखाना, त्याप्रमाणे भारांक लावायचा. राहत्या घराला तो १ असतो, दुकानाला जास्त. जे मूल्य निघेल त्यावर दर हजारी ठरलेल्या पैशांनी कर.

समजण्यापुरते आकडे घेऊ. घर ४० चौरस मीटर, जागेचा दर ५०० रुपये, म्हणजे २०,००० रुपये. बांधकाम १२,००० रुपये दराने ४,८०,००० रुपये. घर जुने म्हणून त्याचे ७० टक्केच धरले, ते ३,३६,००० रुपये. एकूण ३,५६,००० रुपये. हजारी ९० पैसे दर असेल तर घरपट्टी ३२० रुपये ४० पैसे. दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी वेगळी.

आता चूक कुठे होऊ शकते ते तुमच्या लक्षात येईल. टिनाच्या घराला स्लॅबचे घर लिहिले तर बांधकामाचा दर चढतो आणि हजारी दरही चढतो. बांधकामाचे साल चुकले तर घसारा कमी मिळतो. फुटांचे मीटर करताना घोळ झाला तर सगळेच बिघडते. पडलेल्या भिंतीच्या जागी अजून माडी लिहिलेली असते. हे उतारा हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आकारणीची फेरतपासणी दर चार वर्षांनी होते. त्या वेळी यादी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. यादी फलकावर लागली की तिथे उभे राहून आपली ओळ वाचा आणि चूक असेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या. ग्रामपंचायतीने ऐकले नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. चार वर्षे गप्प बसून पाचव्या वर्षी चावडीवर आरडाओरड केल्याने काही होत नाही.

दोन शब्द पदाधिकाऱ्यांना

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनो, वही चुकीची असली की वसुली होत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने मागणीबिल काढले तर ते घ्यायचे कोणी? आकारणी अंदाजे केली तर लोक म्हणणारच, "त्याच्या माडीले कमी अन् माह्या टिनाले जास्त कसं?" मग दिवाबत्तीचे बिल आणि नळयोजनेचा खर्च निघायचा कशातून? गावठाणाचे वारस एका मोहिमेत लावून घ्या. आकारणीची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा. आणि स्वतःची घरपट्टी आधी भरा. मागणीबिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकते.

आता करायचे काय?

ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा मागा. तो देण्याची मुदत लोकसेवा हक्क कायदा २०१५ खाली ठरलेली आहे. उताऱ्यावर चार गोष्टी पाहा: नाव कोणाचे, क्षेत्र किती, बांधकाम कसले, साल कोणते. मयताचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे जोडून अर्ज करा, मासिक सभेच्या ठरावाने नोंद होईल. कारभारणीचेही नाव घराला लावून घ्या. शेताचे वारस वेगळे, ते तलाठ्याकडे. तिथे फेरफाराची नोटीस निघून हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकीकडे वारस लावले की दुसरीकडे आपोआप लागत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

पावत्यांचा गठ्ठा फेकू मात्र नका. ताबा किती वर्षांचा, हे दाखवायला तो उपयोगी पडतो. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत कर भरला तर सूटही मिळते, तीही सोडू नका.

बांधावरच्या एका फुटासाठी आपण आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. डोक्यावरच्या छपरासाठी एक सकाळ ग्रामपंचायतीत घालवायला काय हरकत आहे? बाप हयात आहे, भाऊ बोलतात, बहीण सणाला घरी येते, तोवरच हे काम सोपे आहे.