केस कुणाचे, शिसं कुणाच्या पोटात?

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी जण असा असेलच, जो रविवारी पहाटे काठी आणि रीळ घेऊन गायब होतो आणि दुपारी रिकाम्या हाताने, तरी खुशीत परत येतो. या मंडळींचा पुढचा नाद म्हणजे घरच्या घरी हेअर जिग बांधणं. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गळाच्या डोक्याशी धातूचं छोटं वजन आणि त्यामागे दोऱ्याने घट्ट आवळलेला केसांचा झुपका. पाण्यात तो झुपका फुलतो, मिटतो, आणि मरळ किंवा शिवडा यांच्यासारख्या शिकारी माशाला वाटतं, समोरून एखादं पिल्लूच चाललंय. रोहू-कटल्याला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, त्यांच्यासाठी आपली कणकेची गोळीच बरी.

नाद चांगला आहे. जिग बांधताना दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे तेवढा वेळ मोबाईल बाजूला राहतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा आम्ही त्याच्या बाजूने आहोत. गोची आहे ती सामानात. हे शिकायचं तर बहुतेक अमेरिकन व्हिडिओ बघूनच, आणि त्यांची यादी आपण जशीच्या तशी उचलतो: हरणाच्या शेपटीचे केस आणि साच्यात ओतलेलं शिसं. आमचं सरळ मत आहे, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नकोत.

आधी केसांचं बघू. तिकडे हरणाची शिकार हंगामात कायदेशीर असते, म्हणून शेपट्या दुकानात मिळतात. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ, सांबर, काळवीट सगळे संरक्षित. ‘गावाकडे एकाकडे जुनं कातडं पडलंय’ असं कुणी म्हणालं, तरी त्यातला एक केसही घेऊ नका. गळाच्या हौसेपायी इथल्या प्राण्यांनी आधीच बरंच मोजलंय. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सालमन माशासाठी रंगीत पिसांच्या नकली माश्या बांधायचं खूळ होतं, आणि त्यात आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं मानाची. ती पिसं भारतातून जात राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीला भारताने निर्यात बंद केली, तेव्हा कुठे ते थांबलं. हौस तिकडची, कोंबडा इकडचा!

मग बांधायचं कशाने? मराठवाड्याची स्वतःची शेळी आहे, उस्मानाबादी. बहुतेक काळीभोर. खाटकाकडे शेपटीचा केसाळ तुकडा मागितलात तर तो आधी चमत्कारिक नजरेने बघेल, मग देईल. शाम्पूने दोनदा धुवा, कडक उन्हात वाळवा, जुन्या टूथब्रशने आतली लव काढून टाका. गढूळ पाण्यात काळा झुपका उलट जास्त उठून दिसतो. चिकनच्या दुकानातली शेपटीजवळची मऊ पिसंही चालतात, ती पाण्यात केसांपेक्षाही जास्त हलतात. दोरा म्हणाल तर पैठण जवळच आहे. मागावरचा उरलासुरला रेशमी धागा कुणी दिला, तर तो बारीक, चिवट आणि सपाट बसणारा असतो. (पदरावरच्या मोराला शोभेल अशी जिग अजून कुणी बांधलेली नाही, वाट बघतोय.)

बांधताना नवशिके सगळे एकच गोष्ट चुकवतात: केस फार घेतात. काडेपेटीच्या काडीएवढी जाड बट पुरे, आणि लांबी गळाच्या दांड्याच्या साधारण दुप्पट. गळ व्हाइसमध्ये पकडा, नसेल तर पक्कड रबरबँडने आवळून तिच्यात धरा. आधी नुसता दोरा गुंडाळून बैठक करा, मग बट ठेवून दोन सैल वेढे आणि त्यानंतर ओढ. पहिल्याच वेढ्याला जोर लावलात तर केस दांड्याभोवती गरगर फिरतात. शेवटी चार-पाच गाठी आणि वर नेलपॉलिश. बहिणीची घेणार असाल तर विचारून घ्या.

आता शिशाचं. ते ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे घरच्या गॅसवर सहज. तिथेच धोका आहे. त्याची वाफ आणि धूळ स्वयंपाकघरात राहते, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या मेंदूला सर्वांत जास्त इजा होते. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. साच्यात पाण्याचा एक थेंब असला तरी उकळतं शिसं तोंडावर उडतं, ते वेगळंच.

त्यात आपलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नाथसागर. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ मध्ये झालं आणि दहा वर्षांत, १९८६ साली, जलाशय पक्षी अभयारण्य झाला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या उतरतात. बदकं दाणे दळायला पोटात खडे साठवतात, आणि शिशाचा बारीक तुकडा त्यांना खडाच वाटतो. इंग्लंडमध्ये असेच हंस मरायला लागले, तेव्हा १९८७ मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर तिथे बंदी आली. कुणी म्हणेल, कोळ्यांच्या जाळ्यांनाही शिसं असतंच की. असतं, पण जाळं परत ओढून घेतात. जिग दगडात अडकली की आपण दोरी तोडतो आणि ती तिथेच राहते.

पर्याय आपल्या शहरात भरपूर आहे. वाळूजला कुणी ओळखीचं लेथवर असेल, तर पितळेच्या कांबीचे भोक पाडलेले मणी करून मागा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबला की मणी आत सरकतो आणि डोळ्यापाशी जाऊन बसतो. दाबलेल्या काट्यामुळे मासा सोडतानाही त्याचं तोंड फाटत नाही. पितळ शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच आकाराची जिग जरा सावकाश बुडते. उथळ पाण्यातल्या मरळीसाठी हे उलट सोयीचंच.

राहिली परवानगी. अभयारण्यात ती लागतेच, आणि जलाशय-तलावांवरचा मासेमारीचा हक्क बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला रविवार. आधी जाऊन विचारा. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. तिथे जिग टाकलीत तर ती झडप घालेल, पण भुकेने नाही, पिल्लं वाचवायला. जोडी गेली की पिल्लंही गेली. अशा वेळी शंभर पावलं पुढे जाऊन टाका.