तोंडीचे वीस गुण

भोर तालुक्यातल्या भोंगवली, किकवी, सारोळा या पट्ट्यातली मुलं दहावी-बारावी झाली की नीरा नदीपलीकडे शिरवळच्या कारखान्यांत नाहीतर महामार्गाने पुण्याला जातात. मुलाखतीत चार वाक्यं इंग्रजीत बोला म्हटलं, की त्यांच्यातली कितीतरी गप्प होतात. लिहायला दिलं तर हीच मुलं लिहितील. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. गावाकडच्या पोरांच्या भल्याचा तो निर्णय होता, आजही मला तो योग्य वाटतो. पण दहा वर्षं इंग्रजी शिकूनही तोंड उघडत नाही, याची जबाबदारी मुलांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

'मुलांना आवडच नाही,' असं सर्रास ऐकू येतं. आवड असते. पहिली-दुसरीतली मुलं इंग्रजी गाणी खणखणीत म्हणतात. पुढे कधीतरी एखादी मुलगी वाचायला उभी राहते, उच्चार चुकतो, वर्ग हसतो, सर बरोबर शब्द सांगून पुढे जातात. जीभ कुठे ठेवायची हे तिला कोणीच सांगत नाही. पुढच्या खेपेला ती उभी राहत नाही.

खरं तर सांगण्यासारखं थोडंच आहे आणि त्यातलं बरंचसं मराठीतच सापडतं. 'बाजार'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळे, हे भोर तालुक्यातल्या कुठल्याही पोराची जीभ जाणते. 'झिरो' म्हणताना सुरुवात 'बाजार'मधल्या ज जवळून करायची, एवढं दाखवलं तरी निम्मं काम होतं. ॲ आणि ऑ तर शासनाने २००९ सालीच वर्णमालेत घेतले. मराठीत व एकच, म्हणून 'व्हॅन' आणि 'वन' यांची सुरुवात सारखी होते. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला ओठ गोल करायचे. एका तासाचं काम आहे.

अवघड आहे तो आघात. मराठीत कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्षच देत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ'चा जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'चा दुसऱ्यावर. 'डेव्हलप'मध्येही तो दुसऱ्यावर. मुलं पुस्तकात शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात. त्यात ध्वनी बऱ्यापैकी येतात, जोर येत नाही. त्या अक्षराखाली एक रेघ मारायची सवय लावा, एवढंच माझं शिक्षकांना मागणं आहे.

हे फक्त आपल्याच मुलांचं नाही. इंडोनेशियातली मुलंही इंग्रजी बोलताना अशीच अडखळतात. त्यांची भाषा रोमन लिपीत, पण जवळजवळ जशी लिहिली तशीच वाचली जाणारी. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग त्यांनाही फसवतं. इंग्रजांसारखं बोलणं हे ध्येय ना त्यांना हवं, ना आपल्याला. समोरच्याला पहिल्या खेपेला कळलं पाहिजे. घरच्या बोलीचा हेल राहिला तर राहू द्यावा.

आता परीक्षेचं. दहावीच्या भाषा विषयांतले तोंडीचे वीस गुण काढले आणि २०१९चा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ओरड झाली, त्याच वर्षी गुण परत आले. एवढ्या गदारोळात मुलांना बोलता येतं का, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. चर्चा टक्क्यांची झाली. हे वीस गुण अनेक ठिकाणी न ऐकताच दिले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलांनाही. ज्या कामाचे गुण बसल्या जागी मिळतात, त्यासाठी कोण कशाला मेहनत घेईल?

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने आकाशवाणीसाठी 'वुई लर्न इंग्लिश' हा कार्यक्रम केला, तेव्हा रेडिओ मध्येच थांबायचा आणि उत्तर वर्गाने द्यायचं. सगळ्यांनी एकदम, मोठ्याने. एकट्यावर हसायला कोणाला जागाच नव्हती. आज शिक्षकांच्या खिशात फोन आहे. जुलैत प्रत्येक मुलाचं एक मिनिट बोलणं त्यावर नोंदवावं, फेब्रुवारीत पुन्हा नोंदवावं, दोन्ही त्याला ऐकवावीत. आणि तोंडी परीक्षेला शेजारच्या शाळेतले शिक्षक बोलवावेत: भोंगवलीला किकवीचे, किकवीला सारोळ्याचे. यंदाच्या तोंडीपासूनच हे सुरू करता येईल.